पांढरीतला वीर

"मामा, ह्यो बघा माझा राजा."

कावेरीच्या काठी, पूर ओसरल्यावर उघड्या पडलेल्या वाळूत, एका पोरीनं मूठ उघडून दीनानाथला असं म्हटलं होतं. बोली मराठीच, पण तिला तिकडचा हेल होता. शब्द जिभेवर जरा घोळवून मग सोडायची. मुठीत नखाएवढं तांब्याचं नाणं, आणि नाण्यावर मण्यांची पट्टी बांधलेलं एक मुंडकं. दीनानाथ पारखी माणूस. दगडावर टाकलेला रुपया चोख की हिणकस, हे पाठमोरा बसून नुसत्या नादावरून सांगायचा. असल्या कानात शिरलेला आवाज निघता निघत नाही. तो पुण्याला परतला, कसब्यात पुन्हा दुकान मांडलं, मिशा पिकल्या, तरी ती पोर त्याच्या कानात वाळू चाळीत बसलेलीच होती.

आणि आज तसलंच नाणं आळीतल्या भाजीवाल्या भिवरेनं त्याच्या पुढ्यात ठेवलं.

भाजीची पाटी तिनं ओट्याच्या कडेला टेकवली, पदराची गाठ दातांनी सोडली आणि हिरवा गंज चढलेला तो तुकडा त्याच्या पारखायच्या दगडावर ठेवून म्हणाली, "पारखीबाबा, एवढं बघा. आन् सांगा, ह्यो टाक न्हाय."

"आधी बघू तर दे. काय आहे ते विचारायच्या आधी काय नाही ते सांगतेस."

"मला तेवढंच पायजे."

तिच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. सगळ्या आळीत एवढं ठसठशीत कुंकू कुणाचं नव्हतं.

हकीकत अशी होती. निजामाच्या फौजेनं पुणं जाळलं तेव्हा भिवरेच्या घराची मागची बाजू गेली होती. तिचा धाकटा दीर मच्छिंद्र आता कुठे ती भिंत पुन्हा उभी करायला निघाला. पायासाठी खणायला लागला, तर खाली जुनी पांढर. कोण जाणे किती पिढ्या त्या जागेवर राहिल्या, त्यांनी खापरं फोडली, चुलीची राख टाकली आणि शेवटी स्वतःही तिथंच मातीला मिळाल्या. त्यांची ती पांढुरकी, चिकट माती. भिंतीला तिच्यासारखी माती नाही. कमरेइतकं खणल्यावर फुटक्या पणत्या निघाल्या, एक निळा मणी निघाला, आणि हे निघालं. मच्छिंद्रानं पाण्यात चोळून पाहिलं तर त्यावर घोडा होता, भाला होता, माणूस होता. तो तसाच ओल्या हातानं भैरोबाच्या गुरवाकडे धावला.

गुरव म्हणाला, "वीर आलाय."

त्यांच्या घराण्यात लढाईत पडलेल्या माणसाचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायची रीत. चांदीतांब्याच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला घोडा, त्यावर भालेवाला, तो वीर. त्याला जागा दिली की तो घर राखतो. नाही दिली तर घराला छळतो, पोरांना ताप आणतो, विहिरीचं पाणी आटवतो. आणि या घरातला एक वीर बिनजागेचा होता. भिवरेचा नवरा भैरू बारगीर म्हणून, सरकारी घोड्यावरचा स्वार होऊन, कर्नाटकच्या स्वारीत गेला, त्याला दहा वर्षं होत आली. मेल्याची खबर नाही, जित्याचा निरोप नाही. म्हणून टाक बसला नाही आणि भिवरेचं कुंकू पुसलं गेलं नाही. इकडे मच्छिंद्राची बायको बाळंतपणात गेली. मागे राहिलेल्या तान्हीला आचके यायचे, डोळे फिरायचे. भिवराच तिला छातीशी धरून रात्र काढायची. गुरवानं सगळ्याची सांगड घातली. भैरू केव्हाच पडला आहे, जागा मागतो आहे. कुणी देत नाही म्हणून पोरीला धरलं, आणि आता सोनाराची वाट न पाहता स्वतःच जमिनीतून वर आला.

"येत्या रविवारी बसवायचं म्हणत्यात," भिवरा म्हणाली.

पुढचं तिनं सांगितलं नाही, पण दीनानाथला ठाऊक होतं. टाक बसला की तिच्या बांगड्या फुटणार. वर्ष सरलं की धाकट्या दिराशी पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागणार; त्यांच्या जातीत तशी चाल होती, भावकीनं ते बोलूनही टाकलं होतं. घरात तान्ही पोर, दोघंही एकेकटी, सोयीचंच होतं सगळ्यांना. भिवरेला कुणी विचारलं नव्हतं. असल्या गोष्टी विचारायच्या नसतात.

पहाटे नदीवर जाताना दीनानाथनं हिच्या दारावरून कितीदा तरी जात्याची घरघर ऐकली होती, आणि घरघरीवर तरंगणारी तिची ओवी:

*दूरदेशी गेला कंथ, वाट मी पाहू किती*
*कुंकवाच्या करंड्याच्या, झिजल्या गं बाई भिंती*

ही ओवी ऐकून आळीतल्या म्हाताऱ्या डोळे पुसत. भैरूची भिवरा म्हणजे सत्त्वाची बाई, असं सासुरवाशिणींना सांगत. दीनानाथनंही एकदा डोळे पुसले होते, आणि मग स्वतःच्याच डोळ्यांची त्याला किळस आली होती.

कारण भैरू मेला नव्हता. भैरू कावेरीकाठी सुखात होता, आणि हे सबंध पुण्यात एकट्या दीनानाथला माहीत होतं.

पुणं जळलं त्याच्या पुढल्या वर्षी एका सावकाराबरोबर तो तंजावरला गेला होता. तिथले राजे मराठे, दप्तर मराठी, तेव्हा आपलंच माणूस भेटल्याचं त्याला नवल वाटलं नाही. वाळूतल्या त्या पोरीनं त्याचं बोट धरून घरी नेलं. दारात तिचा बाप उभा होता. पोट सुटलेलं, कमरेला तिकडच्यासारखं पांढरं वेष्टण, कपाळाला भस्म. दोघांनी एकमेकांना ओळखलं.

"पारखी," भैरू म्हणाला, "आलाच हायसा तर जेवून जा."

तिकडच्या बायकोनं केळीच्या पानावर भात वाढला, त्यावर चिंचेचं पातळ सार. धाकटं पोर पानाशी रांगत आलं. हात धुताना दीनानाथनं विचारलं, "घरी काय सांगू?"

"काय बी सांगू नगा. मेलो म्हणलात तर ती रडंल. जिता हाय म्हणलात तर मच्छिंद्र न्यायला येईल. न्हाय सांगितलं तर समदं जिथल्या तिथं ऱ्हाईल."

त्याचं अन्न खाल्लं होतं. दीनानाथनं मान हलवली. समदं जिथल्या तिथं राहिलं, म्हणजे भिवरा जात्याशी राहिली.

त्याच पोरीकडून त्याला त्या नाण्यांचीही माहिती झाली. पूर ओसरला की तिकडची पोरं वाळू चाळत. असे तांब्याचे तुकडे सापडले की साठवून ठेवत, कारण समुद्राकडचा एक टोपीकर पाद्री ती नाणी हौसेनं घ्यायचा. तो म्हणे, हे आमच्या जुन्या रोमच्या, तुमच्या रूमच्या, पातशहांचे पैसे. तेरा-चौदाशे वर्षांमागे गलबतातून इकडे आले, मिरी घेऊन गेले. दीनानाथनं तेव्हा बरीच नाणी निरखली होती. मुंडकं बदलायचं, मागचं चित्र बहुतेक हेच.

त्यानं दगडावरचा तुकडा उचलला. चिंच लावून घासायचा मोह आवरला. घासलं असतं तर उरलीसुरली अक्षरंही गेली असती. मऊ फडक्यानं पुसून उन्हाकडे धरला.

"हे बघ," तो म्हणाला. "टाकाला एकच तोंड असतं. पत्रा मागून ठोकतात, म्हणून त्याची पाठ पोकळ असते. हे भरीव आहे, दोन्ही अंगांनी छाप आहे. इकडे राजाचं मुंडकं, डोक्याला मण्यांची पट्टी. कडेनं अक्षरं आहेत, आपली नव्हेत. आणि उलटीकडे घोडा आहे खरा, पण नीट बघ. भाला कुणाच्या हातात आहे?"

भिवरेनं डोळे बारीक केले. "खाली हुबा हाय त्याच्या."

"आणि घोड्यावरचा?"

"पडतोय."

"पडतोय. शिपाई त्याला भोसकतोय. हा परमुलखाचा पैसा आहे बाई, टाक नाही."

तिनं श्वास सोडला, तो इतका लांब होता की दीनानाथला वाटलं ती आता रडेल. ती रडली नाही. पाटी उचलत म्हणाली, "मग रविवारी येऊन चारचौघांत एवढंच सांगा. तुमचा सबूद मोडायचे न्हाईत ते."

नाणं तिथंच ठेवून ती गेली आणि दीनानाथच्या लक्षात आलं की आपण विहिरीच्या काठावर उभे आहोत. चारचौघं विचारणार, कुठल्या मुलखाचा पैसा? तुम्ही कुठे पाहिलात? कावेरीचं नाव निघालं की दुसरं नाव त्याच्या मागोमाग येणार. हे नाणं दुसऱ्या कुणी ओळखलं तर बरं, म्हणून तो दुपारी रहीम अत्तरवाल्याकडे गेला. रहीमच्या आजोबांनी सुरतेहून येऊन दुकान थाटलं होतं, आणि अरबस्तान, रूमशाम ही नावं तो शेजारच्या पेठांसारखी घ्यायचा.

रहीमनं नाणं उलटंसुलटं केलं, नाकाशी नेऊन हुंगलं.

"वासावरून ओळखणार का?" दीनानाथ म्हणाला.

"दीनानाथराव, माझं दुकान अत्तराचं. तुम्ही जे घेऊन याल ते मी हुंगणारच." त्यानं ते परत दिलं. "फारसी नाही, अरबी नाही. आमच्या पातशहांनी माणसांची मुंडकी छापली नसती. रूमचं असेल म्हणता तर असेल."

"मग रविवारी तुम्ही चला. रूमचं आहे म्हणून सांगा."

"मी? मी आजवर लोणी काळभोरच्या पलीकडे गेलेलो नाही. कुठे पाहिलंस म्हणून विचारलं तर काय सांगू, स्वप्नात?"

दीनानाथ नाणं फडक्यात गुंडाळू लागला.

रहीमनं कुपीचं बूच लावलं. "तुम्ही पाहिलंय ना? मग तुम्ही सांगा. एवढ्याशा तांब्याच्या तुकड्याला घाम का फुटावा, ते मी विचारत नाही. अत्तर हवंय? घामावर बरं असतं."

रविवारी सकाळी मच्छिंद्राच्या अंगणात भावकी जमली. देव्हारा धुऊन पुसून ठेवलेला, तांदळाची रास घातलेली, तिच्यावर सुपारी. एका कोपऱ्यात पायासाठी खणलेला चर तसाच उघडा होता, आणि कडेला पांढरीच्या मातीचा ढीग. भिवरा तान्हीला मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसली होती. तिच्या बांगड्या उन्हात चमकत होत्या. दोघी म्हाताऱ्या तिच्या दोन्ही बाजूंना आधीच येऊन बसल्या होत्या. वेळेला हात धरायला लागतात.

दीनानाथनं सांगितलं. पाठ पोकळ नाही, छाप दोन्हीकडे, मुंडकं राजाचं. लोकांनी माना वाकवून पाहिलं. मच्छिंद्र तर गुडघ्यावर बसून पाहत होता. रात्रभर जागलेले त्याचे डोळे लाल झाले होते. तो वाईट माणूस नव्हता. पोर जगावी एवढंच त्याला हवं होतं.

"घोड्यावरचा पडतोय," दीनानाथ म्हणाला. "वीर असा पडताना दाखवतात का कधी?"

"मग वीर कशाला म्हणतात?" गुरव म्हणाला. "जो पडला तोच वीर. न पडलेल्याचा टाक तुमच्याकडे बसवत असतील."

दोघेतिघे हसले. मच्छिंद्र हसला नाही. "पारखीबाबा," तो म्हणाला, "मी अडाणी माणूस. तुम्ही पैसा म्हणता तर पैसा. पर कुठला? असला पैसा ह्या पुण्यात मी तरी पाहिला न्हाय. तुम्ही कुठं पाहिला?"

तोच प्रश्न आला. दीनानाथनं भिवरेकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतही नव्हती, पोरीच्या जावळातून बोटं फिरवत होती. तो खोटं बोलू शकला असता. पण आयुष्यभर हिणकस नाणी कातरून फेकलेल्या माणसाला चारचौघांत खोटं सुचेना.

"कावेरीच्या वाळूत," तो म्हणाला. "तंजावराकडे. जुन्या रूमच्या पातशहाचं आहे. तिकडे मिळतात अशी."

मग मच्छिंद्र हळूच म्हणाला, "दादा बी तिकडंच गेला व्हता."

गुरवानं दोन्ही हात जोडले. त्याच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. "ऐकलंत? अहो, कुठली कावेरी आन् कुठला कसबा. तिथल्या वाळूतला पैसा हिथं कमरेइतक्या खाली कोण आणंल? पारखीबाबा, तुम्ही आमची शंकाच फेडलीत. ज्या मातीत पडला तिथली खूण घिऊन आलाय तो."

दीनानाथ "अहो, तसं नव्हे" म्हणेपर्यंत म्हाताऱ्यांनी हुंदका काढला होता. ही माती हजार वर्षांची, हा पैसा तेव्हाच इथे आला असेल, व्यापारी तेव्हाही फिरत असतील, असं तो सांगत राहिला. पण आता कोण ऐकतं? त्याच्याच तोंडचं गाव घेऊन त्यांनी वीर पुरा केला होता. मच्छिंद्रानं नाणं त्याच्या हातातून घेतलं, डोक्याला लावलं आणि तांदळाच्या राशीवर ठेवलं. एका म्हातारीनं भिवरेचा उजवा हात धरला. पोर किंचाळली.

"थांबा," दीनानाथ म्हणाला. "भैरू मेलेला नाही."

म्हातारीनं हात सोडला नाही, पण बांगड्यांवर दाबायची थांबली.

"मी त्याला पाहिलंय. तंजावरला, राजाच्या चाकरीत. घर केलंय त्यानं. बायको आहे, दोन पोरं आहेत. त्याच्या मुलीच्याच हातात असलं नाणं मी पहिल्यांदा पाहिलं. त्यानं सांगू नका म्हटलं. मी त्याच्या घरी जेवलो होतो. म्हणून नाही सांगितलं."

गुरव खाली बसला. आणि मग भिवरा बोलली, अगदी भाजीचा भाव विचारावा तशी.

"कवा पाहिलंत?"

"पुणं जळलं त्याच्या पुढल्या सालात."

"म्हंजी परत आल्यापासून रोज माझ्याकडनं कोथिंबीर घेत व्हतासा, तवा ठावं व्हतं."

"होय." दीनानाथ म्हणाला. "तुझी ओवी ऐकायचो. एवढा जीव टाकलेल्या बाईला कसं सांगावं, ते कळेना. मला वाटलं, आस आहे तोवर तरी असू दे."

तिनं मान डोलावली, पण तिचा चेहरा दीनानाथला वाचता आला नाही. त्यानं अपेक्षा केली होती ती रडण्याची, शिव्यांची, निदान कपाळावर हात मारून घेण्याची. तिच्या चेहऱ्यावर होती ती भीती, आणि ती आत्ता, त्यानं बोलल्यानंतर आली होती.

मच्छिंद्र उठला. तांदळावरचं नाणं त्यानं उचललं आणि चरात भिरकावून दिलं. मग वहिनीसमोर येऊन मान खाली घालून उभा राहिला.

"वैनी," तो म्हणाला, "चुकलो. जित्या भावाचा टाक बसवायला निघालो व्हतो. दहा वरसं तुम्ही त्याच्या नावानं काढलीत, मी ती वाया जाऊ देणार न्हाय. ही भिंत ऱ्हाऊ दे. मी उद्याच तंजावरला निघतो. हातपाय बांधून आणावा लागला तरी दादाला तुमच्या दारात आणून हुबा करतो."

"शाब्बास," कुणीतरी म्हणालं. "असा भाऊ पाहिजे."

"आन् आलाच न्हाय," गुरवानं सावरत म्हटलं, "तर पंच हायेत. सोडचिठ्ठी घेऊ. मग पाटाला काय अडचण न्हाय. बाईचं कसंबी भलंच व्हईल."

भिवरेनं तान्हीला खांद्यावर घेतलं. दोन म्हाताऱ्यांच्या मधून ती उठली. सगळ्यांच्या नजरा तिच्या कपाळावर होत्या, आणि ते तिला जाणवत असावं, कारण तिनं पदर पुढे ओढला.

"जाऊ नगा भाऊजी," ती म्हणाली.

"का?"

"त्यास्नी आणू नगा. आन् पंचाकडं बी जाऊ नगा." शब्द तिला कुठून तरी खालून, कमरेइतकं खणून काढावे लागत होते. "तुम्ही समदे म्हणता, मी त्यांची वाट बघते. म्हणू दिलं. त्यात माझं भागत व्हतं. कुंकू पुसलं असतं तर तुमच्यासंगं पाट लावला असता. तुम्ही वंगाळ न्हाय भाऊजी, पोरीसाठी मी जीव दीन. पर मला तुमची बायकू व्हायचं न्हाय. त्यांची बी व्हायचं न्हाय. कुणाचीच न्हाय. नवरा दूर मुलखात आन् कुंकू कपाळाला, यापरीस बरी जागा बाईला मला तरी कुठं गावली न्हाय. ववी म्हणावी, भाजी विकावी, कुणी हात उगारत न्हाय, कुणी हात लावत न्हाय."

दीनानाथ उभाच होता. ती त्याच्याकडे वळली नाही. मच्छिंद्राकडेच बघून, पोरीच्या पाठीवर थोपटत, तिनं उरलेलं सांगितलं.

"लगीन झाल्यापासून ते मला पायताणानं मारायचे. मी कुणाला बोलले न्हाय. ते स्वारीवर गेले त्या दिवशी समद्या बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या. आन् त्या गेल्यावर मी दार लावून घेतलं, आन् ह्या घरात पहिल्यांदा पोटभर जेवले."